पौलाची प्रौढी

प्रश्न : कृपेने तारण झाले असल्यामुळे कोणी प्रौढी मिरवू नये, असे बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस पत्रात म्हटले आहे, मात्र करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल स्वतःच पानेच्या पाने प्रौढी मिरवतो. हा विरोध कसा समजावा? आमच्या चर्चच्या मंडळीत मला आजाऱ्यांच्या भेटींविषयी साक्ष देण्यास सांगितले आहे आणि ती आत्मस्तुती ठरेल अशी धास्ती वाटते.

उत्तर : पौल कोणत्या नगराला लिहीत होता, हे आधी ध्यानात घ्यावे. इ.स.पू. ४४ मध्ये रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलेल्या करिंथात प्रतिष्ठा अक्षरशः दगडावर कोरली जात असे. १९२९ साली तेथे सापडलेल्या एका शिलालेखात एरास्त नावाचा अधिकारी, नगरातील पद मिळाल्याबद्दल आपण ही फरसबंदी स्वखर्चाने केली, असे नोंदवतो. अशा वातावरणात वाढलेल्या मंडळीवर काही उपदेशकांनी आपल्या वंशाची व वक्तृत्वाची छाप पाडली होती, आणि पौल त्यांच्यापुढे फिका वाटू लागला होता.

म्हणून या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, आपण मूर्खासारखे बोलत आहोत असे बजावून, तो स्वतःची यादी देतो. पण त्या यादीत पाच वेळा खाल्लेले एकोणचाळीस फटके आहेत, तीन वेळा फुटलेली तारवे आहेत, भूक आणि थंडी आहे. शेवटी तो दिमिष्कातली (दमास्कसमधली) हकिकत सांगतो : वेशीवर पहारा असल्यामुळे त्याला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडले. शत्रूच्या तटावर सर्वांत आधी चढणाऱ्या रोमन शिपायाला तटाच्या आकाराचा सोन्याचा मुकुट मिळत असे, हे आठवले की तटावरून पाटीत उतरणाऱ्या माणसाच्या ‘पराक्रमा’तला उपरोध लक्षात येतो. (माझ्या मते हा सगळा अध्याय जरा हसत वाचावा.) बढाईचा साचा त्याने तोच ठेवला, आणि आत मात्र नामुष्की भरली.

‘अभिमान बाळगणाऱ्याने प्रभूविषयी बाळगावा’ हे त्याचे सूत्र यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायातून आले आहे. तेथे ज्ञान, बळ आणि संपत्ती या तिन्हींचा अभिमान नाकारून देवाला ओळखण्याचा तेवढा मान्य केला आहे. तथापि देवाचे नाव घेतले की काम झाले, असे नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशीही (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) ‘देवा, मी तुझे आभार मानतो’ असेच म्हणतो, आणि लगेच आठवड्यातले दोन उपास व दशमांश मोजू लागतो. दूर उभा असलेला जकातदार त्याला केवळ तुलनेपुरता हवा असतो. याउलट ‘मी कुठे काय केले’ असे म्हणत राहणे हेही नम्रतेचे लक्षण नव्हे, कारण कलस्सैकरांस पत्र दिखाऊ लीनतेविषयीही सावध करते.

आता आपल्या साक्षीविषयी. लोकांनी सत्कृत्ये पाहून स्वर्गातील पित्याचे गौरव करावे, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नये, असे सहाव्यात. फरक हेतूचा आहे, म्हणून साक्ष द्यावी. भेटींची संख्या सांगू नये आणि आजाऱ्यांची नावेही घेऊ नयेत. ज्या दिवशी जावेसे वाटत नव्हते, किंवा खाटेशेजारी बसून एकही शब्द सुचला नाही, तो दिवस मात्र अवश्य सांगावा.