मोफत मच्छरदाण्या वाटूनही मलेरिया का हटत नाही?

स्थलांतरित मजुरांना मच्छरदाण्या फुकट देऊनही मलेरिया का हटत नाही, जागृती कमी पडते का, असं तुम्ही विचारलंय. ‘जागृती’ म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

मी वीटभट्टीवर तापाचे रुग्ण शोधायला जायचे. आमच्या साहेबांचं ठाम मत, मजूर अडाणी आहेत, जाळी वापरतच नाहीत. अहो, वापरणार कधी? उन्हाच्या आत काम उरकावं म्हणून ही माणसं मध्यरात्रीच विटा पाडायला बसतात, आणि अ‍ॅनोफिलीस हा मलेरिया पसरवणारा डास चावतो तो रात्रीपासून पहाटेपर्यंत. खोपटं प्लास्टिकची, आत वाकून शिरायचं. जाळी बांधायची तरी कशाच्या आधाराने? फवारणीवालेही परत गेले, औषध धरून ठेवायला भिंतच नव्हती. माती काढलेल्या खड्ड्यांत पाणी साचून डासांची पैदास सुरूच. वर निम्म्या खोपटांना जाळ्या मिळालेल्याच नव्हत्या! वाटप गावच्या यादीवरून, आणि हे यादीत नाहीत. बैठकीत हे बोलले तर, ‘तुम्ही रक्तनमुने घ्या, बाकीचं आम्ही बघतो.’

उपयोग झाला तो त्यांच्यातल्याच एका बाईला रॅपिड किट, म्हणजे रक्ताच्या थेंबावरून मलेरिया जागेवरच तपासायचं साधन, वापरायला शिकवल्याचा. पंधरा-वीस मिनिटांत निकाल. व्हायवॅक्स हा मलेरियाचा प्रकार निघाला तर क्लोरोक्विन ३ दिवस, प्रायमाक्विन १४ दिवस. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि लोक गोळ्या सोडतात. मग यकृतात दडलेले जंतू काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा उठतात. ही बाई समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची. कुणी मधेच भट्टी सोडून निघालं, तर उरलेल्या गोळ्या चिठ्ठीसकट बांधून द्यायची. हे काम मुकादमाला देऊ नका, आजारी माणसाची मजुरी तोच कापतो.

हो, प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत, आणि रक्तपेशींना जपणाऱ्या जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल तर या गोळीने रक्तपेशी फुटतात. म्हणून आरोग्य केंद्राला विचारूनच. जाळीलाही मी नावं ठेवत नाही. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची पोरं रात्री आतच झोपतात, त्यांना आधी द्या, खोपटाला चार बांबूही द्या.

आणि अहवाल लिहिणार असाल तर रात्री दोनला भट्टीवर जाऊन या. आमचे साहेब भर दुपारी यायचे, तेव्हा सगळे झोपलेले असायचे, आणि शेऱ्यात ‘आळशी’ असंही लिहून जायचे.