नकाशा आधी पायाखालून घाला

वस्तीचा आराखडा रहिवाशांनी करायचा म्हटलं की नवखा माणूस लगेच मागण्यांची यादी लिहायला बसतो. तुम्ही तसं करू नका. नकाशाची मोठी प्रत घ्या, चार-पाच जणांना सोबत घ्या आणि सगळा भाग पायी फिरा. एकदा सकाळी, एकदा अंधार पडल्यावर. आमच्या एका फेरीत चाकाच्या खुर्चीवरच्या आजी होत्या. नकाशावर सलग दिसणारा पदपथ त्यांच्यासाठी तीन ठिकाणी तुटत होता. त्यांनी स्वतः पेन्सिलीने तिथे फुल्या मारल्या. पुढे अधिकाऱ्यांसमोर त्या तीन फुल्यांनी जे काम केलं, ते आमच्या लांबलचक निवेदनाला जमलं नव्हतं.

बैठकीला तेच ते लोक येतात. भाडेकरू, रात्रपाळीवाले, शाळकरी मुलं यांच्याकडे तुम्हालाच जावं लागेल. मला विचाराल तर निम्मी मेहनत इथेच घाला.

आणि 'तुमचं मत घेतलं' म्हणजे ते मानलं असं नव्हे. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. पायरी जितकी वर, तितका निर्णय लोकांच्या हाती. तिच्यात सल्लामसलत खालून चौथ्या पायरीवर आहे, भागीदारी सहाव्या. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: अंतिम निर्णय कोणाचा, मसुदा अजून बदलता येतो का, हरकतींची मुदत कधी संपते? हरकत घेताना नुसता 'विरोध' लिहू नका. कुठला भाग, काय अडचण, त्याऐवजी काय हवं, एवढं स्पष्ट मांडा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.