दोनशे माणसांच्या लग्नाला सातशे खुर्च्या

ऑगस्ट २०२१, कोरोनाचा काळ. वाळवा तालुक्यातल्या तेवीस वर्षांच्या एका मुलीचं पत्र आहे. नाव छापू नका म्हणाली आहे, तेव्हा छापत नाही. २०२० साली ती इंजिनिअर झाली. कॅम्पसमधून पुण्याच्या आयटी कंपनीत निवड झाली होती, पण जुलै २०२० चं जॉइनिंग पुढे पुढे जात जानेवारी २०२१ ला झालं. तेव्हापासून ती गावातूनच काम करते. हातात २४,५०० रुपये येतात, त्यातले ६,००० ती घरी देते. आठ महिन्यांत १,२०,००० साठले. शिक्षणासाठी ४ लाखांचं कर्ज घेतलं होतं. आता बँकेचं पत्र आलंय: येणे बाकी ५,३३,०००, व्याज साडेनऊ टक्के, सप्टेंबरपासून सात वर्षं महिना ८,७०० चा हप्ता.

वडिलांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, दीड वर्ष जवळजवळ बंदच. शेजारच्या गावातला मंडपवाला कंटाळून सगळं सामान अडीच लाखांत काढतोय: ४०० खुर्च्या, कनाती, लोखंडी पाइप, गाद्या, स्टेजच्या फळ्या, एक जनरेटर. मामा म्हणतात, निम्म्या किमतीत मिळतंय, डोळे झाकून घ्या. साठवलेले १,२०,००० आणि बँकेच्या ॲपवर रोज खुणावणारं १,३०,००० चं पर्सनल लोन घालून बाबांना हे सामान घेऊन द्यावं, की सगळी शिल्लक शैक्षणिक कर्जात भरून मोकळं व्हावं, असं ती विचारते. बाबांनी तोंडाने काही मागितलेलं नाही. ‘पण ते रोज गोदाम उघडून बसतात आणि संध्याकाळी बंद करून येतात,’ हे तिचं पत्रातलं शेवटचं वाक्य.

तू पत्रात ‘मॅडम’ म्हटलं आहेस, पण माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. म्हणून तुला ‘तू’च म्हणते.

आधी खुर्च्यांचं बोलू, कारण सगळा निकाल तिथेच लागतो. बाबांकडे स्वतःच्या ३०० खुर्च्या आहेत असं तू लिहिलंयस. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे सरकारने लग्न २५ माणसांत, दोन तासांत उरका म्हणून सांगितलं होतं, मोडलं तर ५०,००० दंड. १५ ऑगस्ट २०२१ पासून सूट मिळाली, तरी लॉनवर जास्तीत जास्त २०० आणि बंद हॉलमध्ये १०० हीच मर्यादा ठेवली होती. मग दोनशे माणसांच्या लग्नाला सातशे खुर्च्या मांडायच्या कुठे? या नियमात बाबांना जेवढं काम मिळू शकतं, त्याला त्यांचं आहे तेवढं सामान पुरून उरतं. त्यांच्याकडे कमी आहेत त्या ऑर्डरी. खुर्च्या विकत घेऊन ऑर्डरी येत नाहीत.

तुझाच हिशेब वापरते. पूर्वी एका लग्नामागे २५-३० हजार मिळायचे आणि मजुरी, टेम्पो, डिझेल जाऊन दहा-बारा हजार उरायचे. म्हणजे जुन्या मोठ्या लग्नांच्या भावानेही अडीच लाख वसूल व्हायला बावीस-तेवीस लग्नं लागतील. आता लग्नं लहान झाली आहेत. एकेका लग्नात पाच हजार उरले, तर पन्नास लग्नं. आणि ही पन्नास लग्नं बाबांना आजवर मिळत होती त्यांच्या वरची हवीत, नाहीतर ती नव्या सामानाची कमाई धरता येणार नाही.

मामांचं चुकतंय असं नाही, किंमत खरंच कमी आहे. पण मंडपाचं सामान पडून राहिलं की त्याला उंदीर, दमट हवा आणि गंज लागतो. आणि तुमच्या भागात तर कृष्णामाई आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिचा पूर आला, २०२१ च्या जुलैत पुन्हा आला. त्या मंडपवाल्याचं गोदाम कुठे आहे आणि गाद्या यंदा भिजून वाळवलेल्या तर नाहीत ना, हे मामांनी पाहिलंय का? भिजलेली गादी वरून कळत नाही, हात आत घालावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या एका केटररने गेल्या वर्षी पहिला लॉकडाऊन उठल्या उठल्या बंद पडलेल्या हॉटेलची भांडी अशीच ‘निम्म्यात’ घेतली. ती अजून पत्र्याच्या शेडमध्ये आहेत आणि शेडचं भाडं चालू आहे.

आता पर्सनल लोन. व्याज पंधरा टक्के धर, मुदत तीन वर्षं, तर हप्ता साधारण ४,५०० बसतो. शैक्षणिक कर्जाचे ८,७०० आणि हे ४,५०० मिळून १३,२०० झाले. हाती राहिले ११,३००. गावात आईच्या हातचं जेवून, माळ्यावर रेंज शोधत काम करताना हे भागेल असं वाटतं. पण कंपनीचा मेल आला की पुढच्या सोमवारी हिंजवडीत हजर राहायचंय. पीजी, जेवण आणि येणं-जाणं मिळून नऊ हजार धर. उरले २,३००, आणि घरचे सहा हजार अजून दिलेलेच नाहीत. आज तुझा पगार पुरतोय, कारण भाडं, डबा आणि बसपास तुझे आई-वडील भरत आहेत, फक्त ते कुठे लिहिलेलं नाही. वर्क फ्रॉम होम कधी संपेल हे तुझ्या हातात नाही. त्या भरवशावर तीन वर्षांचं कर्ज उचलू नकोस. ॲपमधलं ते बटण दाबायचं नाही. या एका मुद्द्यावर मी दुसरी बाजू मांडणारच नाही.

मग सगळे १,२०,००० शैक्षणिक कर्जात घालायचे? तेही नको, निदान आत्ता नको. पण त्याआधी त्या ५,३३,००० कडे नीट बघ. चार लाख उचलले आणि पाच तेहतीस कसे झाले, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. २०१६ पासून चार वर्षं दर सप्टेंबरला एकेक लाख मिळत गेला. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं सरळ व्याज ४७,५००, दुसऱ्यावर चार वर्षांचं ३८,०००, तिसऱ्यावर २८,५००, चौथ्यावर १९,०००. बेरीज १,३३,०००. बँकेने आकडा चुकवलेला नाही.

पण हे १,३३,००० तू भरायचे की सरकारने, हे विचारायची जागा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमाच्या कर्जावरचं शिक्षण चालू असतानाचं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेतून मिळतं. अट अशी की उत्पन्नाचा दाखला बँकेत पोचलेला हवा आणि शाखेने वेळेत दावा लावलेला हवा. फीच्या सवलतीसाठी तहसीलमधून काढलेला दाखला फाइलमध्ये असेलच. त्याची झेरॉक्स आणि मंजुरीपत्र घेऊन शाखेत जा आणि ‘माझ्या खात्यावर अनुदानाचा दावा केला होता का, कोणत्या वर्षांसाठी?’ हे लेखी विचार. काउंटरवर तोंडी विचारलंस तर ‘बघतो’ एवढंच ऐकशील. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे. मिळेलच असं सांगत नाही, पण मिळालं तर एवढी मोठी रक्कम दुसऱ्या कुठल्याच मार्गाने वाचणार नाही. जाता जाता मंजुरीपत्रात मुलींसाठी अर्धा टक्का व्याजसवलत लिहिली आहे का, तेही पाहा. बऱ्याच बँकांत असते आणि लावायची राहून जाते.

मार्च ते ऑगस्ट २०२० या कोरोनाच्या सहा महिन्यांतलं ‘व्याजावरचं व्याज’ सरकारने कर्जदारांना परत दिलं, ते आपल्याला मिळालं का, असं तू विचारलंस. तुझ्या बाकीवर ती रक्कम चार-पाचशे रुपये होते. पासबुकात नोव्हेंबर २०२० च्या आसपास शोध, पण त्यासाठी रजा टाकू नकोस.

कोणीतरी तुला सांगितलंय की शैक्षणिक कर्ज लवकर फेडू नये, आयकर कायद्याच्या ८०-ई कलमाखाली त्याच्या व्याजावर करसवलत मिळते. मिळते, पण कर भरणाऱ्याला. तुझं करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळे २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याच कायद्यातल्या ८७-ए च्या सवलतीने तुझा कर तसाही शून्य होतो. हा मुद्दा दोन-तीन वर्षांनी पगार वाढल्यावर काढ.

म्हणजे कर्ज लवकर फेडण्यात फायदा आहेच, पण त्यासाठी शिल्लक रिकामी करायची गरज नाही. हप्ता ८,७०० ऐवजी १०,००० भरलास तर ८४ महिन्यांचं कर्ज ७० महिन्यांच्या आत संपतं आणि ३५ हजारांच्या वर व्याज वाचतं. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या कर्जावर जादा भरण्याचा दंड नसतो. फक्त जादा पैसे मुद्दलात जमा करा, असं बँकेला कळव. हे वरचे तेराशे पुण्याला जाऊन तिथला खर्च बसल्यावर सुरू कर. सप्टेंबरपासून आधी साधा हप्ता चुकू देऊ नकोस. या कर्जात बाबा सहकर्जदार आहेत. तुझा हप्ता तटला की त्यांच्याही नावावर डाग पडतो, आणि धंद्यासाठी बँकेत जायची वेळ उद्या त्यांच्यावर येऊ शकते.

धंद्याचं भांडवल धंद्याच्या नावावर उभं राहावं, मुलीच्या पगारावर नको. मुद्रा योजनेत ‘शिशू’ गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळतं. बाबांना आत्ता तेवढंसुद्धा लागणार नाही. फाटक्या कनाती शिवणं, दोऱ्या, पाइपांना रंग, जनरेटरची दुरुस्ती, एवढंच काम आहे. त्यासाठी तुझ्यातले २५-३० हजार जरूर दे आणि परत येतील असं धरू नकोस. ते घर म्हणून दिलेले पैसे. त्याचा हिशेब मनात ठेवलास तर जेवताना बोलणं अवघड होईल.

आणि त्या शेजारच्या मंडपवाल्याला सोडू नका. मंडपवाले एकमेकांचं सामान भाड्याने नेतात, हे बाबांना मी सांगायला नको. त्याला म्हणावं, हंगामापुरतं सामान तुझ्याच गोदामात राहू दे, जेवढं उचलू तेवढ्याचं भाडं किंवा भागी देतो, आणि विकायचंच झालं तर पहिलं आम्हाला विचार. त्याला गिऱ्हाईक मिळालं तर मिळू दे. आज अडीच लाख रोख मोजणारा दुसरा माणूस तालुक्यात सापडला, तर मलाच आश्चर्य वाटेल.

उरलेल्या नव्वद हजारांपैकी साठ हजार वेगळ्या खात्यात, एफडीत, हात न लावता. त्यात तीन-चार हप्ते आणि पुण्यातलं डिपॉझिट येतं. बाकी पैसे आई-बाबांच्या आरोग्य विम्याला. कंपनीच्या विम्यात ते दोघे आहेत का, हे एचआरला आजच मेल करून विचार. नसतील तर स्वतंत्र पॉलिसी. एप्रिलमध्ये आईला ऑक्सिजन लागला होता, हे अर्जात लिहायचं, लपवायचं नाही. शिवाय बाबा बावन्नाव्या वर्षी पाइपांवर चढून पडदे बांधतात. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला थोडक्या रुपयांत (२०२१ साली १२) २ लाखांचा अपघात विमा मिळतो, बँकेत एक फॉर्म भरला की झालं. तुझ्या पत्रात शिडीचा उल्लेख दोनदा आला, म्हणून लिहिते.

राहिला तुमचा कॉलेजचा ग्रुप. एकाने शेअरमध्ये पैसे दुप्पट केले, एकीचं जर्मनीचं ॲडमिशन झालं, आणि ‘मीच गावात अडकले’ असं तू लिहिलंस. २३ मार्च २०२० ला निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक ७,६१० वर बंद झाला होता, ऑगस्ट २०२१ मध्ये तो १६ हजारांच्या वर होता. त्या काळात आत शिरलेल्या कुणाचेही दुप्पट झाले असते, माझ्या बिल्डिंगच्या वॉचमनचेही झाले. ज्याचं ऑफर लेटर रद्द झालं तो ग्रुपवर काही लिहीत नाही. जो एमपीएससीसाठी पुण्यात खोली घेऊन बसला आणि परीक्षा पुढे जात राहिल्या, तोही लिहीत नाही. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, तेव्हा मुलं नवी पेठेत रस्त्यावर उतरली होती. तुमच्या बॅचचा तो अपडेट मला जास्त खरा वाटतो. तुमची शेवटच्या वर्षाची परीक्षाच मोबाइलवर पर्याय निवडून झाली, त्यात तू नोकरीला लागलीस आणि आठ महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास पोचलीस. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम, सुरू करायची असेल तर पुण्यातला खर्च बसल्यावर हजारापासून कर. आत्ता नको.

आता एक काम. या रविवारी बाबांच्या शेजारी गोदामात बस आणि त्यांची ऑर्डरींची वही माग. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांना कुणी नुसतं ‘बघू’ म्हटलंय आणि कुणी बयाणा दिलाय, ते वेगवेगळं लिही. बयाणा न घेता लिहिलेली तारीख मोजायची नाही. दसऱ्यापर्यंत किती बयाणे जमले ते मला कळव. चार-पाचच असतील तर सामानाचा विषय पुढच्या वर्षावर. पंधरा-वीस असतील आणि माणसांची मर्यादा उठली असेल, तर त्या मंडपवाल्याच्या खुर्च्यांवर आपण पुन्हा बोलू, आणि तेव्हा बाबांनाही फोनवर घे.