दुसऱ्या संध्याकाळचा फोन

‘मॅडम, अजून किती वर्षं वाट बघायची?’ मडगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो. कुणाची मुलगी स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नात असते, कुणाचा मुलगा मुंबईत नाटकासाठी थांबलेला असतो. मूल मनापासून मेहनत करतंय, पण पैसा येत नाही. थांबवलं तर आपण त्याचं स्वप्न मोडलं असं होईल, नाही थांबवलं तर त्याचं वय निघून जाईल, या कात्रीत आईवडील सापडलेले असतात. या प्रश्नाचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. पण एका घराची हकिकत सांगावीशी वाटते. बापलेकाच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडील मूळचे दोडामार्गकडचे. तरुणपणी गोव्यात आले आणि दक्षिणेत समुद्रकाठच्या एका हॉटेलात माळीकामाला लागले. हॉटेलचं नऊ होलचं गोल्फ मैदान होतं, त्याचं गवत राखायचं काम. मुलगा त्याच गवतावर मोठा झाला. आधी झुडपांत हरवलेले बॉल शोधून द्यायचा, मग पाहुण्यांची बॅग उचलणारा कॅडी झाला, आणि बाविसाव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू. माझ्याकडे आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याला आणलं आईने. तिची तक्रार साधी होती: ‘स्पर्धेला गेला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी याचा फोन बंद असतो. मला रात्रभर झोप लागत नाही.’

दुसरीच संध्याकाळ का, हे मला कळेना. मला गोल्फ येत नाही, म्हणून पहिल्या दोन भेटींत मी त्याच्याकडून तो खेळ समजून घेतला. (तो समजावून सांगताना पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला, हे मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं.) आपल्या देशातली मुख्य व्यावसायिक मालिका म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, 2006 साली सुरू झालेली. स्पर्धा बहुतेक चार दिवसांची, रोज अठरा होल, आणि कमीत कमी फटक्यांत बॉल होलात घालणारा पुढे. दोन दिवस झाले की कट लागतो. पहिले 50 आणि पन्नासाव्याशी बरोबरी करणारे पुढे खेळतात. बाकीच्यांनी बॅग आवरायची, आणि त्यांना एक रुपयाही मिळत नाही. एक कोटीची स्पर्धा असेल तर विजेत्याला पंधरा लाख मिळतात आणि पुढे रक्कम भराभर उतरत जाते. प्रवेश शुल्क, रेल्वे, खोली, कॅडीचे पैसे, सगळं स्वतःच्या खिशातून. वर्षाअखेर कमाईच्या यादीत पहिल्या साठात नसलात तर पुढच्या वर्षीचं कार्ड, म्हणजे खेळायचा हक्क, जातो, आणि पुन्हा पात्रता फेरीला बसावं लागतं.

गोव्यातल्या माणसाला हे चटकन पटत नाही. आपल्याला फुटबॉलवाला माहीत. तो हरला तरी क्लब त्याला पगार देतो. गोल्फर मात्र हरायलाही पैसे भरून जातो.

मागच्या हंगामात तो चौदा स्पर्धा खेळला. पाचांत कट पार केला, नऊंत चुकला. त्या नऊंपैकी चार वेळा एका फटक्याने. मला वाटतं, खरी गाठ इथेच होती. दहा फटक्यांनी मागे राहणारा मुलगा स्वतःच उठून दुसरं काही शोधतो. एका फटक्याने चुकणाऱ्याला दार उघडंच दिसत राहतं. चौथ्या प्रयत्नाला दोन गुणांनी राहिलेली मुलगीही मला हेच सांगते.

तो एकेक पट, म्हणजे जवळून बॉल होलात घालायचा हलका फटका, आठवायचा. आठ फुटांवरचा, अमुक शहरातला, अमुक तारखेचा. ‘मॅडम, मी मनाने कच्चा आहे,’ म्हणाला. मी जरा शोधाशोध केली आणि पुढच्या भेटीत त्याच्यासमोर एक गोष्ट ठेवली: अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे, म्हणजे जगातले सर्वोत्तम खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. हे त्यालाही ऐकून माहीत होतं. पण स्वतःच्या बाबतीत तो ते कधी लावत नव्हता. नाणं उलटं पडावं तसा गेलेला फटका तो स्वतःच्या स्वभावाचा दोष म्हणून वाहत होता. झोप उडाली होती, म्हणून मी त्याला सरळ विचारलं, जीव नकोसा होतो का. ‘नाही, फक्त घरी यावंसं वाटत नाही,’ म्हणाला. हा प्रश्न विचारायला घरच्यांनीही घाबरू नये. विचारल्याने तसा विचार डोक्यात घातला जात नाही. आणि उत्तर ‘हो’ आलं तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर लगेच बोलता येतं.

घरी का यावंसं वाटत नव्हतं, ते वडिलांना भेटल्यावर समजलं.

वडील पाकिटात वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन आले होते, घड्यांवर फाटलेलं. 2008 साली गोल्फर एसएसपी चौरसियाने दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, तेव्हाची बातमी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात गवत राखायचे. ‘मीही ग्रीनवालाच,’ वडील म्हणाले. एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी मुलाचं आयुष्य उभं केलं होतं, आणि त्यात प्रेमच होतं, हाव नव्हती. पण त्या कात्रणात अकरा वर्षांचा काळ दिसत नव्हता. चौरसिया 1997 साली व्यावसायिक झाला, आणि तो मोठा विजय येईपर्यंत देशातल्या स्पर्धा जिंकत होता. मुलाकडेही स्वतःचं एक उदाहरण होतं: अर्जुन अटवाल, कार्ड गमावलेला, स्पर्धेआधीची सोमवारची पात्रता फेरी खेळून 2010 साली विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकलेला, पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय. खरंच आहे ते. पण अटवाल 2003 साली आशियाई टूरच्या कमाईच्या यादीत पहिला आलेला होता, हेही तितकंच खरं. आपण उदाहरणं उचलतो ती नेहमी शेवटच्या पानावरून.

वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. मुलाला सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं. दोघेही एकमेकांपासून तेच लपवत होते. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडिलांचा फोन जायचा, प्रश्न एकच: ‘आज किती मारलंस?’ मुलाला त्यात हप्ता ऐकू यायचा, म्हणून तो फोनच बंद ठेवू लागला होता. मी वडिलांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं असतं? बराच वेळ गप्प बसले. मग आपल्या बोलीत म्हणाले, ‘माका फक्त तो बरो रवाक व्हयो.’ मला फक्त तो बरा राहायला हवा. मुलगा बाजूलाच बसला होता. त्याने मान खाली घातली.

त्याच्यात गुणवत्ता आहे का, हे मी ठरवलं नाही. मला ते ठरवता येणारही नाही. आम्ही हिशेबाची वही उघडली. या हंगामाच्या शेवटापर्यंत खेळायचं, नवं कर्ज काढायचं नाही, पहिल्या साठात आला तर पुढचं वर्ष. नाही आला तर पात्रता फेरीचे पैसे त्याने स्वतः कमावलेले असतील तरच जायचं. त्यासाठी नोव्हेंबर ते मार्च, पर्यटकांच्या दिवसांत, स्पर्धा नसेल त्या आठवड्यांत पाहुण्यांना शिकवायचं. इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकॅडमीचे प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम असतात, त्याची माहिती त्यानेच काढली. आधी शिकवणं त्याला हार वाटत होती. मी म्हटलं, करून तर बघ. एका आजोबांना बॉल हवेत उचलायला शिकवलं, त्या दिवशी तो आईशी जेवताना बोलला.

एक नियम मी हट्टाने घातला: सोडायचं की नाही, हे दुसऱ्या संध्याकाळी ठरवायचं नाही. त्यावर बोलायचं ते स्पर्धेचा चौथा दिवस संपल्यावर, मग तो खेळत असो वा नसो. निकाल लागल्या रात्री घरात जी बोलणी होतात, ती परीक्षेची असोत, नोकरीच्या मुलाखतीची असोत, माझ्या अनुभवात ती नेहमी खोल जखमा करतात.

आणखी एक गोष्ट मी सुचवली, ती खरं तर अंदाजाने. बापलेकांनी एकदा सकाळी मैदानावर एकत्र फिरावं, बॅग वडिलांनी धरावी, गुण कुणी लिहायचे नाहीत. पाच वर्षांत वडिलांनी त्याला खेळताना जवळून पाहिलंच नव्हतं. ड्यूटीच्या वेळी पाहुण्यांच्या मध्ये कसं जायचं, म्हणून. त्या सकाळी तिसऱ्या होलवर मुलगा पट मारायला वाकला आणि वडील म्हणाले, ‘थोडा डावीकडून घे, इथे गवताचा ओढा समुद्राकडे आहे. आणि दव आहे, बॉल संथ जाईल.’ मुलगा चकित झाला. वीसेक वर्षं ते गवत कापणाऱ्या माणसाला त्यातलं सगळं माहीत होतं. मग इतकी वर्षं बोलले का नाहीत? ‘तो प्रोफेशनल झाला. मी काय सांगणार त्याला?’

हे ऐकलं तेव्हा मलाच भरून आलं. शिकवणारा बाप पैसे देणारा बाप झाला होता, आणि त्या घरात दोघांना जोडणारा एवढा एकच धागा उरला होता.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. मुलगा बाहेरगावी खेळायला गेला होता आणि पुन्हा कट चुकला, या वेळी तीन फटक्यांनी. दुसऱ्या संध्याकाळी त्यानेच फोन केला. तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि भाकऱ्या भाजायला गेली. भाकऱ्या झाल्या, ताटं वाढून झाली, तरी दोघे बोलतच होते, तिथल्या ग्रीनवर कुठलं गवत लावलंय आणि ते किती बारीक कापतात याबद्दल.

ठरलेली मुदत संपायला अजून तीन स्पर्धा आहेत.