स्कॉर्पिओ नंतर, आधी त्या ८४ हजारांचं बघू

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, हातात पगार ७२ हजार, घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून ५५ हजार. कर्ज १४ लाख बाकी, बँकेत २ लाखांची एफडी. घरात पत्नी, सहावीतली मुलगी आणि ७१ वर्षांच्या आई. दिल्लीत ओळखीच्या माणसाकडे २०१४ ची डिझेल स्कॉर्पिओ साडेतीन लाखांत मिळते आहे. वर २ लाख घालून ती ठाकठीक करायची. पैसे आयुर्विम्याची पॉलिसी मोडून आणायचे. ते लिहितात, ‘सहा हप्ते भरलेत, म्हणजे ५ लाख जमा आहेत. स्कॉर्पिओची किंमत पडत नाही, तीन वर्षांनी तेवढ्यालाच विकता येईल. शिवाय ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गाडीचा टॅक्स निम्मा होतो. घेऊ का?’

नका घेऊ, निदान या पैशांतून नको. पण गाडीबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि पॉलिसीबद्दल दीड ओळ. माझी काळजी त्या दीड ओळीची आहे.

वर्षाला ८४ हजार, १५ वर्षं भरायचे, २० व्या वर्षी २४ लाख, आणि विमा ८ लाख ४० हजार. पत्नीच्या मावसभावांनी ‘पैसे दुप्पट’ म्हणून ही पॉलिसी दिली आणि नात्यातला माणूस म्हणून तुम्ही कागद न वाचता सही केलीत. आता कागद काढा. २४ लाख हा आकडा कंपनीच्या गुंतवणुकीवर ८ टक्के परतावा गृहीत धरलेल्या रकान्यातला आहे. शेजारच्या ४ टक्क्यांच्या रकान्यात १६ लाख आहेत, हे तुम्हीच पाठवलेल्या फोटोत दिसतं. दोन्ही आकडे नुसती उदाहरणं आहेत, वचन कशाचंच नाही. २४ लाख मिळाले तरी तुमच्या पैशाला ५ टक्के सुटतात, १६ मिळाले तर जेमतेम २. हेच ८४ हजार १५ वर्षं पीपीएफमध्ये भरून आणखी ५ वर्षं तसेच ठेवले असते, तर आजच्या ७.१ टक्के दराने ३२ लाख झाले असते. ‘दुप्पट’ ऐकलं की किती वर्षांत, हे विचारायचं असतं. ते सांगणं विकणाऱ्याचंही काम होतं आणि त्यांनी ते केलेलं नाही.

परताव्यापेक्षा मोठा घोटाळा विम्याचा आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर घरी ८ लाख ४० हजार येतील. गृहकर्जाला विमा जोडल्याचं पत्रात नाही, म्हणजे त्या रकमेतून कर्जही फिटत नाही. कर्ज बाजूला ठेवलं तरी ५५ हजारांच्या महिन्याने ती सव्वा वर्षात संपते, आणि मुलगी तेव्हा सातवी-आठवीत असेल. आजारपणासाठी कंपनीचा ३ लाखांचा ग्रुप विमा आहे, तो नोकरीबरोबर जातो. एवढं असून तुम्ही लिहिता, ‘विम्याची चिंता नाही, भरपूर हप्ता जातो.’ हप्ता भरपूर आहे, विमा नाही.

तेव्हा आधी टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा. १ कोटीचा, वयाच्या साठीपर्यंत. तंबाखू नसेल तर वर्षाला २०-२५ हजार. तिघांचा १० लाखांचा आरोग्य विमा साधारण तेवढाच. आईंसाठी पैसे भरायची गरज नाही. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाखांचं कवच आहे. त्यांचं त्या योजनेचं ‘वय वंदना’ कार्ड याच आठवड्यात काढून घ्या.

टर्मची पॉलिसी हातात आल्यावरच जुनीला हात लावा, एक दिवसही आधी नाही. मग कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज मोडली तर किती, आणि पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून पॉलिसी तशीच ठेवली तर १४ वर्षांनी किती. मोडून ५ लाख येणार नाहीत. अडीच लाखांच्या आसपास येतील, मनाची तयारी ठेवा. १४ वर्षांत ७.१ टक्क्यांनी पैसे २.६ पट होतात. पेड-अपचा आकडा मोडून मिळणाऱ्या रकमेच्या २.६ पटीहून कमी असेल तर मोडा आणि रक्कम पीपीएफमध्ये घाला, वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, म्हणून दोन वर्षांत. मेहुणे म्हणतील, आता भरतच राहा. १६ लाख धरले तर आज मोडून येणारे अडीच लाख आणि पुढचे हप्ते, या पैशावर ४ टक्के पडतात. पूर्ण २४ आलेच तर ८, पण त्या आशेवर टर्मचा हप्ता अडवून ठेवणं मला मान्य नाही.

आता गाडी. पॉलिसी बंद करून दोन्ही विमे घेतलेत तर महिन्याला १३ हजार उरतात. ८०० किलोमीटर फिरलात तर डिझेल ६ हजार, आणि इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, दुरुस्ती मिळून आणखी ४. शिल्लक ३ हजार, आणि २ लाखांची एफडी चार महिनेही पुरत नाही. आईंना घेऊन वर्षातून दोनदा पुण्याला जायचं म्हणता, तर तेवढ्यापुरती सात सीटर भाड्याने करा, ६०-७० हजारांत भागेल.

‘तेवढ्यालाच विकू’ हेही सोडा. २०१४ च्या गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी, २०२९ पर्यंत. तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याला फिटनेस आणि नूतनीकरण समोर दिसत असेल आणि तो भाव पाडेल. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत निर्बंध आले, म्हणून तिथला माल आपल्याकडे स्वस्त येतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) आणायची, ग्वाल्हेरचा एमपी ०७ नंबर घ्यायचा, इथला टॅक्स भरायचा, हे सगळं साडेतीन लाखांच्या वर. मेळ्यातली सूट तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना मिळते, या गाडीला नाही. सुरक्षित म्हणून घेत असाल तर व्हेरिएंट बघा: एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला २०१६ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत शून्य तारे मिळाले होते.

वर्षभरात एफडी साडेतीन लाखांपर्यंत नेलीत आणि तरी मन गाडीवरच असेल, तर दुरुस्तीसाठी २ नाही, ३ लाख धरा. पाच टायरच ४०-४५ हजार खातात, आणि क्लच, इंजेक्टर, टर्बो यांचं खरं रूप उघडल्यावरच कळतं. ट्रान्सपोर्ट नगरमधला तुमचा मिस्त्री बरोबर न्या. सकाळी लवकर, न सांगता जा. बोनेट गरम लागलं तर इंजिन आधीच चालू करून ठेवलं आहे, परत फिरा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. आणि एनओसी डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकनचे ५ हजारही देऊ नका.

पॉलिसीचे दोन्ही आकडे आले की मला पाठवा, मोडायची की पेड-अप ठेवायची ते मिळून ठरवू.