दोन महिने नुसतं क्लिक करत बसायचं?

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीएस्सी फिजिक्स करते, दुसरं वर्ष. उन्हाळ्यात हैदराबादच्या एनजीआरआयमध्ये, म्हणजे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत, भूकंपावर दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळालीय. खूश होते, पण गाइडनी फोनवर सांगितलं की कोयनेच्या भूकंपांच्या रेकॉर्डवर पी आणि एस वेव्ह (भूकंपाची आधी पोचणारी लाट आणि मागून येणारी) कुठं सुरू होते ते मार्क करायचं, पिकिंग म्हणतात त्याला. वर्गातला मित्र म्हणतो हे रिसर्च नव्हे, मोजणीवाल्याच्या हाताखाली खुंट्या रोवल्यासारखं आहे. आजी म्हणते क्लिकच करायचं तर इथं बसून कर की. जाऊ का नको?

उत्तर: जा की! आणि मित्राला सांग उपमा झकास आहे, कारण खुंटी हातभर सरकली की दोन घरं तीन पिढ्या कोर्टात जातात, इथंपण तेच.

बघ, पी वेव्ह खडकातून सेकंदाला साधारण ६ किमी जाते, एस साडेतीनच्या आसपास, म्हणून दोघींच्या येण्यात जितक्या सेकंदांचा फरक त्याला ढोबळ आठने गुणलं की भूकंप किती किमी लांब झाला ते कळतं. कोयनानगर बेळगावहून सरळ रेषेत १९० किमीच्या घरात, म्हणजे तिथं हललं तर आपल्याकडं पी पोचल्यावर वीस-पंचवीस सेकंदांनी एस येणार. आता तू एस एक सेकंद चुकीचा मार्क केलास तर आठ किमीचा घोळ. तीन-चार स्टेशनांचे असे आकडे जुळवूनच भूकंपाचं केंद्र ठरतं आणि ते किती खोल आहे हे काढताना तर अजून जास्त जपावं लागतं. कॉम्प्युटर आपोआप पिक करतो हल्ली, चांगलंही करतो, पण तवंदी घाटातल्या ट्रकसारखा एखादा ट्रक स्टेशनजवळून गेला की कधीकधी त्यालाच भूकंप समजून बसतो, तेव्हा माणूसच लागतो. पहिला आठवडा डोळे दुखतील, सगळ्या रेघा सारख्याच वाटतील, मग एकदम दिसायला लागतं.

आणि कोयना मिळालीय ही तर लॉटरीच! १९६२ पासून धरणात पाणी साठायला लागलं आणि आसपास धक्के सुरू झाले, १९६७ ला मोठा झाला, ६.३ च्या आसपास, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. पाण्याचं वजन आणि खडकाच्या भेगांत वाढणारा दाब यामुळं आधीच ताणलेला खडक सरकतो, म्हणून पावसाळ्यात धरण भरलं की नंतर धक्के वाढतात. कोयनेच्याच भागात गोठण्याला ३ किमी खोल बोअर मारून बघितलंय, वर सव्वा किमी काळा बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइट. एवढ्या लहानशा भागात इतकी वर्षं सतत धक्के देणारी जागा जगात फार नाही.

आजीला एक विचार, कोयनेचा भूकंप कधी झाला. ती म्हणेल ११ डिसेंबरच्या पहाटे. भूकंपांच्या यादीत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, मात्र १० डिसेंबर दिसेल आणि तू घाबरून आजीलाच चुकीचं ठरवशील. दोघंही बरोबर! रेकॉर्ड यूटीसीत, म्हणजे जगभर वापरायच्या एकाच प्रमाणवेळेत असतात, आपण तिच्या साडेपाच तास पुढं. किल्लारीचंही तसंच, आपल्याला ३० सप्टेंबर १९९३ आठवतो, कॅटलॉगात २९. हे साडेपाच तास विसरून आख्खा दिवस वाया घालवलेला मी एक आहे.

जायच्या आधी थोडं पायथन बघून ठेव, त्यात भूकंपाचे रेकॉर्ड बघायला ऑब्स्पाय नावाचं पॅकेज फुकट मिळतं. एक वही कर, कुठला पिक बदललास आणि का, ते रोज लिही, रिपोर्ट त्याच्यातूनच निघतो. मराठी मीडियम म्हणून इंग्लिशला लाजू नकोस. आणि पुढचा भूकंप कधी असं गावात कोणी विचारलं तर सरळ सांग, तारीख-वेळ कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न: माझा मुलगा चिकोडीत बीएस्सीला आहे, त्यालाही असं काही मिळेल का? अर्ज कुठं?

उत्तर: देशातल्या तीन विज्ञान अकादम्या (बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या) मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिन्यांची. दिवाळीपासूनच त्यांची वेबसाइट बघत राहायला सांगा, मे महिन्यात जागं झालं तर हुकतं. त्यानं का करायचंय ते स्वतःच्या शब्दांत लिहावं, नेटवरून उचललेलं लगेच ओळखू येतं.