मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले का?

प्रश्न : मी सराफ आहे. वडिलांच्या पश्चात त्यांचे .32 बोअरचे जुने रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर आले असून धाकट्या भावाने नुकतेच त्याच बोअरचे पिस्तूल घेतले आहे. पेढी बंद करून घरी जाताना दोघेही शस्त्र जवळ बाळगतो. भावाचे म्हणणे असे की मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, काढले की पिस्तूल रिकामे होते, म्हणून तेच अधिक सुरक्षित. हे खरे आहे का? आणि माझ्या रिव्हॉल्व्हरची काडतुसांची सहाही घरे भरून ठेवावीत का?

उत्तर : आपल्या बंधूंचा समज चुकीचा आहे आणि तो आजच दुरुस्त व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मॅगझिन निघाले तरी नळीच्या मागच्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये, गेलेले काडतूस तिथेच राहते आणि चाप ओढला गेला तर बहुतेक पिस्तुलांतून ते उडते. मॅगझिन बाहेर असताना चाप चालू न देणारी सोय काही पिस्तुलांत असते, पण तिच्यावर कोणी विसंबू नये. प्रशिक्षण देताना मी प्रत्येकाला एक गोष्ट दाखवतो : मॅगझिन काढून टेबलावर ठेवायचे आणि मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. “रिकामे” पिस्तुलातून एक पितळी काडतूस उसळून टेबलावर घरंगळते. हे सराव-काडतूस असते, तरीही क्षणभर कोणी बोलत नाही. क्रमही हाच हवा, कारण आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझिन काढल्यास मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते. शेवटी चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि अंधार असेल तर बोट घालून चाचपावे.

आपल्या रिव्हॉल्व्हरचा धोका निराळा आहे. त्याचे सिलिंडर, म्हणजे काडतुसांचे फिरते नळकांडे, उघडले की सहाही घरे एका नजरेत दिसतात, हा त्याचा मोठा गुण. परंतु जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग, हॅमर) आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो. असे शस्त्र घोड्यावर आपटले, तर चापाला बोटही न लागता गोळी सुटू शकते. 1 ऑक्टोबर 2024 रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, तेव्हा ते हातातून निसटून पडल्याचे सांगण्यात आले होते. म्हणून आपले रिव्हॉल्व्हर परवानाधारक कारागिराला दाखवून त्यात असा अडसर आहे की नाही याची खात्री करून घ्यावी, आणि तोवर घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरावीत. सहाव्या गोळीची गरज पडण्यापेक्षा शस्त्र हातातून पडण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे.

दोन्ही शस्त्रांना होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचे म्यान, मात्र सारखेच आवश्यक आहे. सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र उघडे नेण्यास 2016 च्या शस्त्र नियमांनुसार मनाई आहेच, पण नुसते पँटच्या कमरेत खोचणे किंवा किल्ल्यांच्या खिशात टाकणे हे त्याहून वाईट, कारण किल्लीचे टोक किंवा सदऱ्याची कड चापाच्या कडीत शिरायला वेळ लागत नाही. होल्स्टरने चाप पूर्ण झाकला पाहिजे. वर्षानुवर्षे वापरून मऊ पडलेले कातडी होल्स्टर आत दुमडून स्वतःच चापावर दाबू लागते. वडिलांची आठवण म्हणून आपण तेच वापरत असाल, तर ते जपून ठेवावे आणि नवे घ्यावे. शस्त्र निसटलेच तर ते झेलू नये, कारण झेलणारे बोट नेमके चापावर पडते.

घरी पोहोचल्यावर दिवसभराच्या थकव्यात शस्त्राशी खटपट करणे टाळावे. शस्त्र होल्स्टरसकट कमरेवरून उतरवावे, मुलांपासून दूर, भक्कम भिंतीकडे नळी धरून शांतपणे रिकामे करावे, एकाने केलेले दुसऱ्याने तपासावे आणि मगच शस्त्र व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत.